बहिर्मुखतेचा मान

सहाच्या सहा माणसे बडबडीही निघाली आणि अबोलही. मी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून पाहिले. 'मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडते.' सहाही जण पूर्ण सहमत. 'अनोळखी माणसांत मी गप्प राहतो.' सहाही जण पूर्ण सहमत. सगळे वक्तशीर होते आणि सगळ्यांना नेहमी उशीर होत होता. सगळे चटकन रागावत होते आणि कोणालाच राग म्हणून येत नव्हता.

स्वभावाच्या प्रश्नावलीत काही विधाने मुद्दाम उलटी घातलेली असतात. त्यांचे गुणही उलटे मोजायचे असतात. एखाद्याने सरसकट हो म्हटले, तर सुलटे गुण आणि उलटे गुण एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज बरोबर मधोमध येते. माझ्यासमोर तशा सहा बेरजा होत्या. शास्त्राच्या हिशेबाने तोंडवलीच्या समुद्रकाठी अगदी एकसारखी, अगदी मध्यम स्वभावाची सहा माणसे राहत होती.

त्यांतली दोन त्याच वेळी माझ्या अंगणाबाहेर भांडत होती.

"मेल्या, पावणे बोटीत बसान उन्हात तापतत, आणि तू काठार उभो रवान भाषाण देतंस!" हा बोट चालवणारा इनास.

"भाषाण नाय ता, म्हायती!" हा त्याचा जोडीदार बाबी.

"म्हायती? डॉल्फिनाच्या लग्नाची?"

मी खिडकी लावून घेतली आणि प्रकाशला फोन केला.

आधी थोडे सांगायला हवे. मी पुण्यातल्या एका कारखान्यात इंडस्ट्रियल सायकॉलॉजिस्ट होतो. म्हणजे नोकरीला घ्यायच्या माणसांच्या स्वभावचाचण्या घ्यायच्या आणि कोणाला कोणत्या खात्यात बसवावे हे साहेबांना लेखी सांगायचे. साहेब ते मन लावून वाचत आणि आपल्या मेहुण्याला बसवत. पुढे मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी माझी पत्नी सुमन गेली. तोंडवली हे तिचे माहेर. तिचे घर बंद होते, ते उघडून मी इथे येऊन राहिलो. ती वाडीतल्या सगळ्यांची ताई, म्हणून मी सगळ्यांचा भावोजी. मी फारसा बोलत नाही. वाचतो. आम्हा दोघांच्या वाटचे सुमन एकटी बोलत असे, त्यामुळे संसारात कधी अडले नाही.

प्रकाश शेजारी राहतो. मुंबईतली नोकरी सोडून तो गावी आला आणि त्याने सहा घरांचा मिळून एक होमस्टे उभा केला. सहा खोल्या, एक स्वयंपाकघर, एक बोट. त्याची जिद्द मोठी आणि झोप कमी. पहिल्या सीझनला पाहुण्यांची गाडी आली की सहाही जण धावत जात. एका जोडप्याची एक बॅग शेवंताबाईंच्या खोलीवर गेली, दुसरी फिलोमिनबाईंच्या. संध्याकाळपर्यंत नवरा-बायकोचीही तशीच वाटणी झाली होती.

आता पुण्याची एक ट्रॅव्हल कंपनी सीझनभर पाहुणे पाठवायला तयार होती. शनिवारी त्यांच्या कीर्तने मॅडम पाहणीला येणार होत्या. कंपनीची अट एकच. पाहुण्यांशी बोलायला एक माणूस ठरवा आणि बाकीच्यांनी आपापली कामे वाटून घ्या.

"ह्या जमला नाय तर माका मुंबयक परत जावक लागतला," प्रकाश मला म्हणाला होता. "जुन्या सायबान शिमग्यापर्यंत जागा ठेवल्यान हा. बायको म्हणता, आता बस झाला तुमचा गाव."

"मग तुम्ही सहा जणांनी बसून ठरवा."

"बसलंव होतंव. खुर्ची मोडली. तुमी शास्त्रान सांगा, भावोजी. शास्त्रान सांगल्यार कोण कोणाक बोलाचो नाय."

म्हणून मी जुनी प्रश्नावली काढली, ती इथल्या बोलीत उतरवली आणि सहा प्रती प्रकाशच्या हाती दिल्या. त्या अशा भरून आल्या.

फोनवर मी विचारले, "प्रकाश, हे कागद भरले कुठे?"

"देवळात बसान."

"देवळात कशाला?"

"थंय पंखो आसा. आणि अर्ध्यांकडे चष्मे नाय होते. मगे तात्यांका सांगला, तुमी मोठ्यान वाचा, आमी टिक करतंव."

मला उलगडा झाला. तात्या त्या सहांतलेच एक, आमच्या वाडीचे गावकर. देवापुढे गाऱ्हाणे घालायचा मान त्यांचा. ते साऱ्यांच्या वतीने एकेक मागणे मोठ्याने म्हणतात आणि प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तात्यांना मोठ्याने वाचायची दुसरी रीत ठाऊक नाही. परवा त्यांनी विजेच्या बिलावरची सूचना वाचली, तेव्हाही मागून कोणीतरी साथ दिली होती.

"म्हणजे त्यांनी वाचलं, 'बा देवा म्हाराजा, मी हातातला काम पुरा केल्याशिवाय सोडणय नाय...'"

"व्हय म्हाराजा!" प्रकाश फोनवर म्हणाला आणि जीभ चावली असावी. "तसाच झाला."

"आणि पुढचं, 'कामा अर्धवट टाकूची माका सवय आसा...'"

"तेकापण. मोठ्यान."

"अरे, पण टिक तरी ज्याची त्याने वेगळी करायची."

"देवासमोर व्हय म्हटल्यार कागदार नाय कसा लिवचा, भावोजी?"

"इनास आणि फिलोमिनबाई तर चर्चला जाणारी माणसं. त्यांनीही?"

"इनासाचो आवाज सगळ्यांत मोठो. फिलोमिनमावशी आधी गप होती. तिसऱ्या वाक्यापासून तीपण सुरात इली. शेवटाक तात्यांनी एक वाक्य पदरचा घातल्यानी."

"कोणतं?"

"भावोजींच्या परीक्षेत लेकरांका पास कर म्हाराजा."

समोर येईल त्या विधानाला मान डोलावण्याच्या या सवयीला आम्ही होकाराची ओढ म्हणतो. ती सगळीकडे थोडीफार आढळते, म्हणूनच उलटी विधाने घालायची. परंतु ती इतकी सुरात आढळल्याचे माझ्या वाचनात नव्हते.

कागद बाजूला ठेवले. एकेकाला माझ्या पडवीत बोलावून तोंडी विचारायचे ठरवले. उत्तर एक ते पाच या आकड्यांत द्यायचे. एक म्हणजे मला मुळीच लागू नाही, पाच म्हणजे अगदी माझेच वर्णन.

पहिला बाबी आला.

"'मी चटकन रागावतो.' सांग, किती लागू?"

"कधी?"

"कधी असं नाही. एरवी."

"एरवी म्हणजे पावसात काय उन्हाळ्यात? पावसात बोट वर काढलेली आसता. मी आणि बायल दिवसभर एका घरात. तेव्हा पाच. नारळी पुनवेक दर्यात नारळ पडलो की एक."

मी त्याला समजावले की आजची हवा वेगळी आणि गावाचे हवामान वेगळे. एका दिवसाचा राग ही हवा झाली. स्वभाव म्हणजे हवामान, सगळ्या दिवसांची सरासरी. बाबीने मान डोलावली. "मगे तीन घाला. पण बायलेक सांगा नको, ती चार सांगतली."

फिलोमिनबाई स्वयंपाक करतात. त्या रविवारचे कपडे घालून आल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"ह्याचा बरोबर उत्तर काय?"

"बरोबर किंवा चूक असं यात नसतं."

"मगे परीक्षा कित्याक?" त्यांनी मागे वळून पाहिले आणि आवाज उतरवला. "शेवंतान काय सांगल्यान?"

"ते मला सांगता येत नाही."

"सांगा नको. तिच्यापेक्षा एक जास्त घाला."

शेवंताबाई खोल्या सांभाळतात. 'बोलण्यापेक्षा मला ऐकायला आवडते' याला त्यांनी पाच दिले आणि पाचच का दिले हे सांगता सांगता दुपारची जेवायची वेळ टळली. इनास मात्र झटपट उत्तरे देत गेला. फक्त 'लोकांना माझ्याशी जमवून घेणे सोपे जाते' या विधानाशी तो अडला.

"लोकांका सोपा जाता," तो अखेर म्हणाला. "माकाच लोक कठीण जातत."

या वेळी मात्र बेरजा माणसांसारख्या आल्या. सहा जण सहा तऱ्हांचे. मी समाधानाने पेन बंद केले. आता फक्त निष्कर्ष सांगायचे राहिले होते.

गुरुवारी सगळे होमस्टेचे स्वयंपाकघर असलेल्या मांगरात, घराबाहेरच्या सुट्या खोपीत, जमले. मी उभे राहून सांगितले. माणसांचे प्रकार नसतात, म्हणालो. उंचीसारखे असते. जगात उंच आणि बुटके असे दोनच ढीग नसतात, कोणी बोटभर उंच तर कोणी दोन बोटे. तसेच स्वभावाचे पाच पैलू मोजतात. माणसांत मिसळण्याची आवड ती बहिर्मुखता. नेमून दिलेले काम नीट करण्याची सवय तो जबाबदारपणा. दुसऱ्याला सांभाळून घेणे तो सौम्यपणा. मग नव्याची ओढ, आणि मनाची स्थिरता. हे सगळे प्रत्येकात असते, कमी किंवा जास्त.

इतके कोणी ऐकले असेल असे मला आता वाटत नाही. ते नावांची वाट पाहत होते.

बहिर्मुखता सर्वांत जास्त बाबीत. त्याने पाहुण्यांशी बोलावे. जबाबदारपणा शेवंताबाईंत, त्यांनी वेळापत्रक सांभाळावे. नव्याची ओढ फिलोमिनबाईंना, रोज जेवायला काय करायचे हे त्यांनी ठरवावे. मन सर्वांत स्थिर इनासचे, बोट त्याच्याकडेच राहावी. सौम्यपणात तात्या पहिले आणि इनास शेवटचा, तेव्हा तक्रारी तात्यांनी ऐकाव्यात. प्रकाशची काळजी करण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त निघाली.

"ह्या सांगूक परीक्षा कित्याक व्हयी होती?" शेवंताबाई म्हणाल्या. प्रकाशसुद्धा हसला.

सहाही जण न भांडता उठले. मी ते शास्त्राचे यश समजलो.

शुक्रवारी काही विचित्र गोष्टी दिसल्या, पण त्यांचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. पाणंदीत शेवंताबाई भेटल्या. मी म्हटले, "तयारी झाली का?" त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि बाबीच्या घराकडे हात दाखवला. दाढ दुखत असेल असे मला वाटले. जेटीवर इनास बर्फ घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याला झाडत होता. टेम्पोवाला म्हणाला, "जरा नीट बोला की." इनास म्हणाला, "माझो सौम्यपणा कमी आसा. खोटा वाटता तर भावोजींका इचार." बाबी दिसलाच नाही. तो कुडाळला क्रिकेटच्या सामन्यांची कॉमेंट्री करायला गेला होता. सरावासाठी.

शनिवारी सकाळी कीर्तने मॅडमची गाडी आली. मी पडवीत वाचत होतो. माझ्या घरातून मांगराचे अंगण दिसते.

मॅडम उतरल्या. साधारण चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, चेहरा शांत. अंगणात सहाही जण ओळीने उभे होते.

"नमस्कार. होमस्टे हाच ना?"

पाच जणांनी बाबीकडे पाहिले. बाबीने तोंड उघडले. सायकलच्या ट्यूबमधून वारा जावा तसा आवाज आला आणि थांबला. आदल्या दिवशी कुडाळला दोन्ही संघांना विजयी करताना त्याचा घसा पार बसला होता.

"मी कीर्तने. आपलं फोनवर बोलणं झालं होतं."

शेवंताबाईंनी आकाशाकडे पाहिले. तात्यांनी हात जोडले. फिलोमिनबाईंनी पदराचे टोक दातांत धरले. इनास हाताची घडी घालून उभा होता, आणि बोलायची त्याची इच्छा नव्हतीच. मॅडमनी मागे वळून गाडीच्या ड्रायव्हरकडे पाहिले. गाडीचे इंजिन अजून चालू होते.

प्रकाश वाकत वाकत कुंपण ओलांडून माझ्याकडे आला. घामाघूम झाला होता.

"भावोजी, येवा! बाई परत जातली!"

"अरे, मग तू बोल ना! फोनवर तूच बोललास."

"तेव्हा मान वाटलेले नाय होते."

"कसले मान?"

"परवा तुमी वाटलास ते. बहिर्मुखतेचो मान बाबीचो."

मी पुस्तक मिटले. देवस्थानाचे मान घराण्यांत वाटलेले असतात हे मला ठाऊक होते. पालखीचा खांदा एका घराचा, छत्री दुसऱ्याची, ढोल तिसऱ्याचा. ज्याचा मान त्यानेच करायचा. दुसऱ्याने नुसता हात लावला तरी पिढ्या बोलत नाहीत. गुरुवारी मी मांगरात उभा राहून मोजमापे सांगत होतो, आणि ऐकणाऱ्यांनी सहा मान वाटून घेतले होते. म्हणून कोणी भांडले नव्हते.

"आज मी बोललंय," प्रकाश म्हणाला, "तर उद्या म्हणतले, मान माझ्या घराण्यात गेलो. बाबीचे चार भाव आसत. फिलोमिनमावशी बोलली तर शेवंतावयनी उठान जातली. शेवंतावयनी बोलली तर..."

"कळलं. मग आता?"

"बाबीन तुमका दिल्यान. आजच्यापुरतो."

"मला?"

"तुमी जावई. जावयाक गावात मान आसता, पण हक्क नसता. तुमी बोललास तर उद्या कोण दावो करूक येवचो नाय."

मुद्दा बिनतोड होता. नोकरीत असताना मी हीच चाचणी एकदा स्वतःला लावली होती. माझा बहिर्मुखतेचा आकडा पाहून साहेबांनी विचारले होते, "बेरीज पूर्ण झाली आहे ना?" आणि सुमन गेल्यावर त्या आकड्यातूनही बरेच वजा झाले होते. मी प्रकाशला हे सांगणार होतो. पण त्याचा चेहरा पाहिला आणि चपला घातल्या.

अंगणात बाबी पुढे झाला. त्याने दोन्ही हातांनी एक नारळ माझ्या हातात ठेवला. ओठ हलले. बहुधा 'सांभाळा' म्हणाला.

"नमस्कार," मी मॅडमना म्हणालो. "तुमच्याशी मी बोलणार आहे."

"हो का," मॅडम म्हणाल्या. त्या नारळाकडे पाहत होत्या. तो कुठे ठेवायचा हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून मी तो धरूनच निघालो.

आम्ही पुळणीवर आलो.

"हा समुद्र," मी म्हणालो.

"हो," मॅडम म्हणाल्या.

थोडे चाललो.

"हे माड."

"हो."

आणखी चाललो. माझी नजर वाळूवर होती, आणि त्याही आपल्या सावलीकडे पाहत चालल्या होत्या. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे ओळखायला चाचणी लागत नाही. त्यांचाही आकडा माझ्या आसपासचा असणार. दोन अबोल माणसे एका नारळासह समुद्राकाठी फिरत होती आणि एका होमस्टेचे भवितव्य ठरत होते.

स्वभावाच्या अभ्यासात एक गोष्ट मान्य आहे. अबोल माणूसही, एखादी गोष्ट त्याला जवळची असेल, तर तिच्यासाठी काही वेळ बोलक्यासारखा वागू शकतो. मला बोलायला काही सुचत नव्हते. मग मनात आले, सुमन असती तर इथे काय बोलली असती? ते मला पाठ होते. चाळीस वर्षे ऐकले होते.

"ही पाणंद दिसते ना," मी म्हणालो, "माझी बायको सात वर्षांची असताना इथे एका बैलाला घाबरून धावत सुटली, आणि समोर ज्या मांडवात शिरली तिथे पंगत बसली होती. जेवून, विडा खाऊन, नवरीला आशीर्वाद देऊन परत आली. घरच्यांनी विचारलं, लग्न कोणाचं? म्हणाली, बैलाला विचारा."

मॅडम हसल्या. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, मग तिसरी. खाडीकडची विहीर, माडावर चढून बसलेले मास्तर, बोटीतून पळालेला बोकड. सगळ्या सुमनच्या. मी नुसता नारळ धरून त्या पोचवत होतो. मांगरात परत आलो तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता आणि मॅडमची पिशवी माझ्या खांद्यावर होती. ती कधी घेतली ते आठवत नाही.

जेवणाच्या वेळी खरी परीक्षा झाली. फिलोमिनबाई वाढत होत्या. मॅडमनी त्यांना विचारले, "बांगड्याच्या तिखल्यात काय घातलंय हो? वास छान आहे."

फिलोमिनबाई मॅडमपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "भावोजी, त्यांका सांगा, तिरफळा."

"तिरफळं आहेत," मी मॅडमना म्हणालो.

"आमच्याकडे मिळतील का ती?" मॅडमनी पुन्हा त्यांनाच विचारले.

"भावोजी, सांगा, जाताना बांधून देतंय. आणि सांगा, तिखट लागला तर सोलकढी घेवा. आणि सांगा, सोलकढी शेवंतान केल्यान, माझी नाय."

"भावोजी," दारातून शेवंताबाई म्हणाल्या, "तेंका सांगा, सोलकढीक काय झाला हा?"

मॅडमनी हातातला घास ताटात ठेवला. "या ताई माझ्याशी बोलत का नाहीत? माझं काही चुकलं का?"

प्रकाशने डोळे मिटून घेतले. लपवण्यासारखे आता काही उरले नव्हते. मी सगळे सांगितले. प्रश्नावली, देवळातला पंखा, व्हय म्हाराजा, पाच पैलू, सहा मान, कुडाळची कॉमेंट्री आणि नारळ. सांगताना मला ते प्रथमच एका ओळीत ऐकू आले.

मॅडमचे खांदे हलू लागले. मग त्यांना ठसका लागला. तिरफळ चावले गेले होते. फिलोमिनबाईंनी मान विसरून त्यांच्या पाठीत थाप मारली आणि ओरडल्या, "बाये, वर बघ! वर बघ गो!"

पाणी पिऊन झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आमच्या ऑफिसनेही सगळ्यांची अशीच चाचणी घेतली. प्रत्येकाला त्याचा प्रकार छापलेला कॉफीचा मग दिलाय. माझ्या मगावर लिहिलंय, शांत आणि चिंतनशील. तेव्हापासून मला कोणी मीटिंगला बोलवत नाही. म्हणतात, तुम्हाला त्रास नको. पाहणीला पाठवतात, एकटीला." त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही निदान नारळ तरी देता."

प्रकाशने विचारले, "मगे पावणे..."

"पाठवते की. फक्त एकच माणूस बोलेल ही आमची अट मी काढून टाकते. ज्याला विचारलं त्याने उत्तर द्यायचं, बस."

गाडी गेल्यावर सभा बसली. कंपनीने अट काढली तरी दिलेला मान काढता येत नाही, यावर एकमत होते. मी म्हटले, तो मान नव्हताच, ते मोजमाप होते. सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिले आणि चर्चा पुढे चालू ठेवली. शेवटी तात्यांनी तोड काढली. भावाभावांत मान वाटून घेताना पाळी लावतात, तशी पाळी लावायची. रोज एक जण बहिर्मुख. त्याने पुढे होऊन स्वागत करायचे, आणि इतरांना कोणी विचारले तर उत्तर देण्याइतकी मुभा.

दिवस सात आणि माणसे सहा. गुरुवार उरला.

"तो सुमनचो," तात्या म्हणाले.

"सुमनताय आता खंय आसा?" इनास म्हणाला. सौम्यपणाचे माझे मोजमाप चुकले नव्हते.

"नसाना. ती आसती तर तिका एक दिस तरी गप बसवला असतंस तू? तिची पाळी भावोजी करतले."

"जावयाक हक्क नसता."

"हक्क सुमनचो. ह्येणी नुसता करूचा."

इनासने विचार केला आणि मान डोलावली. मला कोणी विचारले नाही.

सीझन चांगला चालला आहे. मांगराच्या दारात फळा लावला आहे. त्यावर रोज सकाळी शेवंताबाई लिहितात, 'आजचे बहिर्मुख', आणि खाली नाव. पाहुणे त्याचे फोटो काढतात. इनासच्या दिवशी स्वागत दोन शब्दांत होते आणि बोट वेळेवर सुटते. त्या दिवसाचे बुकिंग आता लोक मागून घेतात. बाबीच्या दिवशी बोट सुटते, एवढेच म्हणता येईल. प्रकाशने मुंबईच्या साहेबांना येत नसल्याचे कळवले. साहेबांनी विचारले, "तिथे नक्की करतोस काय?" प्रकाश म्हणाला, "आज सोमवार, माझी पाळी नाय, म्हणजे मी फक्त काळजी करतंय."

या प्रकरणातून मी एक व्यावसायिक शिस्त शिकलो. स्वभावचाचणीचे निष्कर्ष एकेकट्याला सांगावेत, दार लावून, आणि त्या वेळी नारळासारखी हातात देण्याजोगी कोणतीही वस्तू जवळ ठेवू नये. चारचौघांत सांगितलेला स्वभाव माणसाला उतरवून ठेवता येत नाही.

गुरुवारी मी पाहुण्यांशी दिवसभर बोलतो. मग घरी येऊन शुक्रवारी दुपारपर्यंत कोणाशी एक शब्द बोलत नाही. आपल्या स्वभावाबाहेर वागलेल्या माणसाला अशी भरपाई करून घ्यावी लागते, असे आमचे शास्त्र सांगते. शेवंताबाई याला मिजास म्हणतात.